गॅस भरूनही एसीवर बर्फ: तुमच्या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. आमच्या एसी दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार, आणि खाली: १२ दिवसांत तीन वेळा माणूस आला, गॅसचे २,८०० रुपये घेतले, तरी एसीवर पुन्हा बर्फ आणि पहाटे आईच्या गादीवर पाणी. शेवटी, ‘यांना आजार कळत नाही, फक्त गॅस भरायचं कळतं.’ हे वाक्य मनाला लागलं. तुमच्या एसीच्या बाबतीत ते खरं ठरलंय, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

पहिल्या दिवशी आमचा मेकॅनिक सकाळी आला तेव्हा रात्रभर चाललेल्या एसीच्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या आतल्या जाळीवर, बर्फ होता. त्याने तसाच गॅसचं प्रेशर मोजायचा गेज लावला, काटा ८५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप), आणि ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरला. इथेच चूक झाली. तुमच्या मशीनमध्ये आर-३२ गॅस आहे. त्याचं प्रेशर साधारण १०३ च्या खाली गेलं की कॉइल शून्य अंशाच्या खाली जाते आणि तिच्यावरचं पाणी गोठायला लागतं. पण प्रेशर पडायची कारणं दोन असतात. एक तर गॅस कमी, नाहीतर कॉइलवरून हवाच पुरेशी जात नाही. आणि एकदा बर्फ धरला की हवेची वाट बंदच होते, मग गॅस पुरेसा असला तरी काटा खाली दिसतो. म्हणून आधी नुसता फॅन चालवून बर्फ पूर्ण वितळू द्यायचा, त्याला दोन-तीन तास लागले तरी थांबायचं, आणि मगच गेज लावायचा. त्या दिवशी त्याच्याकडे अजून चार कॉल होते. ते कॉल मीच दिले होते, त्यामुळे ही घाई माझी धरा.

आमच्या ऐरोली-कोपरखैरणेच्या पट्ट्यात खाडी आणि नाल्यांच्या हवेने तांब्याच्या कॉइल लवकर काळ्या पडतात, बारीक छिद्रं पडून गॅस खरोखर जातो. त्यामुळे मेकॅनिकच्या डोक्यात सगळ्यात आधी लीकेजच येतं. पण लीकेज शोधलं तर पाहिजे ना! एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गेलाय, आणि ती जागा सापडल्याशिवाय भरायचा नाही. दुसऱ्या फेरीला त्याने पुढून कॉइल धुतली. तिसऱ्या फेरीला कॉइलचा सेन्सर बदलला. सेन्सरची शंका चुकीची नव्हती, कारण कॉइल फार थंड झाली की तोच मशीनला आवरतो. पण मल्टीमीटर लावून तपासायच्या आधी बदलायला नको होता.

शुक्रवारी मी स्वतः आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी धुते.’ उजेडात धरून बघितला, जाळी खरंच लख्ख होती. फिल्टर साफ म्हणजे हवा ठीक, असं आमच्या मेकॅनिकने धरून चाललं. मग मी ब्लोअर, म्हणजे आतला हवा फेकणारा पात्यांचा पंखा, बाहेर काढला. तुमच्यासमोरच नखाने एका पात्याच्या आतून मळ खरवडला, वाटाण्याएवढी काळी, ओलसर गोळी निघाली. पाती वाकडी असतात, त्या वाकावरच हवा फेकली जाते. वाक भरून गेला की ब्लोअर तेवढ्याच वेगाने फिरतो, आवाजही तोच येतो, पण हवा येत नाही. फोडणीचा धूर, उदबत्ती, बारीक धूळ हे जाळीतून आत जातं आणि ओलसर पात्यांवर चिकटतं. फिल्टर कितीही धुतला तरी ते निघत नाही, त्यात तुमची चूक नाही.

दुसरं कारण डोक्यावरच होतं. नव्या कपाटाचा लॉफ्ट एसीच्या वर आलाय, मध्ये जेमतेम दोन बोटं जागा. स्प्लिट एसी हवा वरून ओढतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वर १५ सेंटीमीटर सोडायला सांगितलंय. तीन फेऱ्यांत आमच्या माणसाने एकदाही वर बघितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. सुताराकडून ती खालची फळी तेवढी काढून घ्या.

गॅसचंही सांगतो. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅस ७८० ग्रॅम लिहिलाय, मशीनमधून काढून वजन केलं तर १,०५० ग्रॅम निघाला. नायट्रोजन भरून दोन्ही फ्लेअर नटना (नळ्यांच्या जोडावरच्या नटना) साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही, तासभर काटा हलला नाही. म्हणजे पहिल्या दिवशीही गॅस पुरेसा होता. आता व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्या पंपाने पूर्ण रिकाम्या करून, वजनकाट्यावर मोजून ७८० भरलाय. गॅसचे २,८०० आणि सेन्सरचे पैसे तुमच्या खात्यावर परत पाठवलेत. शुक्रवारच्या कामाचं बिल नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करता येणार नाही. ‘परत बोलवावं लागावं म्हणून मुद्दाम गॅस कमी करून गेले’, असं तुम्ही लिहिलंय. झालं ते उलट, गॅस जास्त गेला. अडाणीपणा झाला, लबाडी झाली नाही. दोन दिवस तुमचा फोन मात्र उचलला नाही, त्याला मी कारण देत नाही. माफ करा.

गादीवर पाणी आलं ते ड्रेन पाइप तुंबल्यामुळे नाही. पहाटे टायमरने एसी बंद झाला, बर्फ एकदम वितळला आणि ट्रेच्या बाहेर ठिबकला. पुन्हा कधी बर्फ दिसला तर चमच्याने, सुरीने खरवडू नका. तुमच्या कॉइलच्या दोन पत्र्या वाकलेल्या दिसल्या. मागची तांब्याची नळी पातळ असते, तिला टोक लागलं की मग खरंच गॅस जाईल. कूलिंग बंद करा, फॅन फुल ठेवा, खाली बादली ठेवा आणि मला फोन करा.

१६ वर लावलात म्हणून बर्फ झाला, असं सांगून मी हात झटकणार नाही. धडधाकट एसी १६ वरही बर्फ धरत नाही. तरी पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा रात्री २४-२५ आणि फॅन मध्यम ठेवलात तर आईंनाही बरं पडेल. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात, तेही विजेच्या बचतीसाठीच.

दुकानात आता ब्लोअरचा आणि वजनकाट्याचा फोटो मला आल्याशिवाय कुणी गॅसची बाटली उघडायची नाही, असं ठरवलंय. त्या मेकॅनिकला मी शुक्रवारी सोबत आणलं होतं, ती गोळी त्यानेही हातात घेऊन पाहिली.

निघताना तीन तास एसी चालवून बघितला, कॉइल नुसती ओली होती, कुठे पांढरं नव्हतं. पण लॉफ्टची फळी निघेपर्यंत काम पुरं झालं असं मी धरत नाही. सुतार येऊन गेला की कळवा, मी पुन्हा येऊन हवा तपासतो. तोवर स्टार आहे तसाच राहू द्या.