भिशी, नॉमिनी आणि अक्काची पैठणी

परवा एका मुलीचा मेसेज आला. समाजकार्याचं शिक्षण घेतेय, प्रकल्पासाठी एका गे माणसाची मुलाखत हवी होती. प्रश्न आधीच पाठवलेले. घरच्यांना कळलं तेव्हा काय झालं, शाळेत त्रास झाला का, कधी जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का. प्रश्न चुकीचे नव्हते, मी उत्तरंही दिली. शेवटी म्हटलं, आता आमच्या भिशीबद्दल विचार. ती बिचारी गोंधळली. ‘सर, ते विषयात बसेल का?’

बसतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमच्यासारख्यांच्या दुःखाला बाजारात चांगला भाव आहे. दिवाळी अंकाला हवं असतं, पॅनलवाल्यांना हवं असतं, कंपनीच्या एचआरला जूनमध्ये, प्राइड महिना म्हणून, अर्ध्या तासाचं हवं असतं. रडून झालं की टाळ्या. ते दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही, आमच्या ओळखीतली काही माणसं आज नाहीत. पण गेली कितीतरी वर्षं माझे बहुतेक दिवस रडण्यात गेलेले नाहीत. ते कशात गेले हे मात्र कुणी विचारत नाही. लोक एकतर हळहळायला येतात, नाहीतर सप्तरंगी झेंड्याचा फोटो काढायला. या दोन्हींच्या मधे जो रविवार असतो त्याला कुणी वाली नाही.

तर भिशी. आम्ही अकरा जण, दर महिन्याला प्रत्येकी तीन हजार, म्हणजे ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या हातात तेहेतीस. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, पण कुणाला खरंच नड असेल तर तो आधी, आणि नड आहे हे सांगताना कारण द्यावं लागत नाही. ज्याच्या घरी भिशी त्याच्याकडे खाणं. वही माझ्याकडे, कारण मी बँकेत नोकरीला. (साहेब फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. साहेब, पुढचं वाचू नका.)

अकरा जणांत कोण कोण? एक जोडपं, दोघी. एक चाकणला कंपनीत क्वालिटीमध्ये, दुसरी क्लासेसमध्ये गणित शिकवते. एक ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्मल्यावर मुलगी ठरवला गेलेला, लातूरकडचा. एक मेल नर्स. आयटीवाले चार, ते कधीच वेळेवर येत नाहीत. आणि अक्का. अक्का म्हणजे साठीला टेकलेला, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, बाहेर पांढरा शर्ट खोचून फिरणारा गृहस्थ. आमच्या दारातून आत आला की अक्का. मग सगळं ‘अगं’ नि ‘बाई गं’ सुरू होतं.

आणि एक काकू. काकू आमच्यातल्या नाहीत, माझ्या मजल्यावरच्या. त्यांची जुनी भिशी बुडाली होती. माझ्या दाराशी चपलांचा ढीग बघून त्यांनी थेट विचारलं, ‘भिशी दिसतेय. मला घ्याल का?’ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. नर्स म्हणाला, ‘काकू, आम्ही जरा वेगळे आहोत.’ काकूंनी चष्मा वर केला. ‘हप्ता वेळेवर देता ना?’ संपलं. आज हप्त्याच्या बाबतीत सगळ्यात कडक त्याच. आयटीवाल्यांना रात्री दहाला फोन करतात.

पैसे कुठे गेले ते वहीत आहे. लातूरच्या पोराच्या खोलीचं डिपॉझिट. अक्काच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोघींच्या स्कूटरचं डाऊन पेमेंट. आणि एका आयटीवाल्यानं सगळेच्या सगळे नाकातल्या हिऱ्यावर घातले. त्यावर काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. मग लक्ष्मी रोडला जाऊन हिरा खरा आहे का ते स्वतः तपासून आल्या.

मागच्या वर्षी नर्सचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्यांना सलाईन लावणारा माणूस स्वतःवर वेळ आली की फार कुरकुर करतो. त्याचा भाऊ मराठवाड्यात, बोलणं बंद. आम्ही पाळ्या लावल्या. दवाखान्यात काउंटरवर प्रत्येक पाळीला तोच प्रश्न, पेशंटचे तुम्ही कोण? पहिल्या दिवशी मी म्हणालो मावसभाऊ. दुपारी आयटीवाला गेला, तोही मावसभाऊ. रात्री लातूरचा पोरगा, मावसभाऊ. दुसऱ्या दिवशी चाकणवाली गेली आणि मावसबहीण म्हणाली तेव्हा काउंटरवरची बाई हसायला लागली. ‘यांना मावश्या तरी किती?’ मागून काकू डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘त्यातली एक मी.’

नर्स टाके दुखतात म्हणून हसू नका म्हणत होता आणि स्वतःच हसत होता.

हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डोळे पुसून म्हणालं, किती वाईट ना, खोटं बोलावं लागलं. मला त्यात वाईट कमी दिसतं. माझ्या सख्ख्या चुलत्याच्या ऑपरेशनला कोण थांबणार यावरून तीन भावांत भांडण झालं होतं. इथं पाळी मिळाली नाही म्हणून भांडणं झाली.

पण बँकेचा माणूस आहे, कागदाशिवाय झोप येत नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची स्वतःची संमती ऑपरेशनला कायद्यानं पुरते. नातेवाइकाची सही ही बऱ्याचदा दवाखान्यांची स्वतःच्या बचावासाठीची रीत असते. अडचण येते ती शुद्ध नसताना. गंमत बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुम्ही साध्या कागदावर लिहून कुठल्याही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकता. मित्र चालतो, शेजारीण चालते. म्हणजे मन आजारी पडलं तर कायद्याला माझे मित्र माहीत आहेत. पित्ताशय आजारी पडलं की मावसभाऊ व्हावं लागतं.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राची काही पत्रकं आली. क्वीअर, म्हणजे आमच्यासारख्या, जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही, रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह मागता यावा. चांगलं झालं. खरं सांगायचं तर संयुक्त खातं कुठल्याही दोन माणसांना आधीही उघडता येत होतं. बंदी नव्हती, काउंटरवरची नजर होती. आता पत्रक दाखवता येतं, हे काही थोडं नाही.

तरी या सगळ्या कागदांत एकच आकृती दिसते: जोडी. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाचा हक्क नाकारला, त्या संध्याकाळी आम्ही चाकणवालीकडे जमलो होतो. त्या दोघींना लग्न हवंय, फार हवंय, आणि त्यांना ते मिळालं पाहिजे. त्यासाठी कुठेही सही करायला मी तयार आहे. पण माझ्यासारख्याचं काय? मी एकटा राहतो, जोडीदार नाही, शोधतही नाही. ॲपवर असतो अधूनमधून, तो वेगळा विषय, काकू वाचतायत. माझं घर या दहा जणांवर उभं आहे. उद्या लग्नाचा कायदा झाला तरी माझ्या फॉर्मवरचा जोडीदाराचा रकाना रिकामाच राहणार. आमच्या चळवळीतही याबद्दल कुणी फार बोलत नाही. जोडप्याचे फोटो छान येतात. मैत्रीचा फोटो म्हणजे एका सोफ्यावर कोंबलेले सात जण, त्यातल्या तिघांचे डोळे मिटलेले.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका मुलीला घरच्यांच्या कोंडीतून सोडवताना लिहिलं की लग्न हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही. ते मी छापून वहीच्या आतल्या पानावर चिकटवलंय.

आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून बँकेतल्या ठेवींना एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी लावायची सोय झाली, टक्केवारीसकट. बँकेतल्या बाकीच्यांना हे नुसतं काम वाढलं असं वाटलं. मी दुपारच्या सुट्टीत स्वतःचा फॉर्म भरला. चार मित्र, प्रत्येकी पंचवीस. मग घोळ झाला, कारण उरलेल्यांनी विचारलं आम्ही का नाही.

त्यातून निघाली मृत्युपत्रांची भिशी. नॉमिनी हा फक्त पैसे ताब्यात घेणारा, मालकी वारसाची, हे मी रोज काउंटरवर समजावतो. म्हणून सगळ्यांनी मृत्युपत्र करावं असा माझा हट्ट होता. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे. त्या महिन्यात भिशी अक्काकडे होती. साबुदाणा वडे, आणि सगळ्यांपुढे एक एक कोरा कागद. मला वाटलं वातावरण गंभीर होईल.

अक्कानं पहिलीच ओळ वाचली, ‘माझी जांभळी पैठणी’, आणि तिथंच युद्ध पेटलं. ती पैठणी अक्कानं निवृत्तीच्या पैशातून येवल्याला जाऊन घेतलेली. दुकानदाराला बहिणीसाठी म्हणून सांगितलेली. नऊवारी तर अक्का आरशाशिवाय नेसते, पण ही सहावारी फक्त भिशीला निघते. हिरेवाला म्हणाला मला. गणिताची बाई म्हणाली, आख्ख्या भिशीत साडी नेसणारी बाई काकूंनंतर मीच, माझा पहिला हक्क. अक्का म्हणाली, ‘अगं, मी मेले नाहीये अजून!’ शेवटी टक्केवारीवर आलं. पदर एकाला नि काठ दुसऱ्याला देता येतील का, असा कायदेशीर प्रश्न मला विचारण्यात आला. लातूरच्या पोरानं आपल्या कागदावर लिहिलं होतं, ‘माझे जुने सगळे फोटो जाळावेत, दाढी आल्यानंतरचे ठेवावेत.’ नर्सनं मिक्सर काकूंना लिहून दिला, तर काकू म्हणाल्या, आत्ताच दे, माझा बिघडलाय.

साक्षीदार मिळेनात. सगळ्यांनाच काही ना काही मिळणार होतं. शेवटी काकूंच्या मुलाला आणि सुनेला घरून बोलावलं. दोघांनी अकरा कागदांवर सह्या केल्या, वडे खाल्ले, आणि सून जाताना म्हणाली, आम्हाला पण भिशीत घ्या.

हे सगळं आम्हीच शोधून काढलं, असा आव हल्ली इन्स्टाग्रामवर फार दिसतो. ‘निवडलेलं कुटुंब’, मेणबत्त्या, पास्ता. अरे, हिजड्यांच्या जमातीत गुरू-चेल्याचं नातं, घराणी, दंड, आजारपण, म्हातारपण याची पक्की व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आतले जाचही आहेत, ते त्या स्वतःच सांगतात. मी कराडकडचा. लहानपणी यल्लमा देवीला वाहिलेले जोगते दारात यायचे, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, मागे चौंडक्याची साथ. लुगडं नेसलेला बाप्या बघून आम्ही पोरं खिदळायचो आणि आजी डोळे वटारून सूप भरून जोगवा घालायची. ते तिघं-चौघं एकत्रच फिरायचे, एकत्रच जेवायचे. शिकलेल्या आम्हा लोकांना त्यांच्या शेजारी उभं राहायची लाज वाटायची, अजूनही पुष्कळांना वाटते. आमच्या भिशीतही त्या जमातीतलं कुणी नाही, आणि त्याचं कारण तीन हजारांच्या हप्त्यात आहे हे मला कळतं. महिना पाचशेची वेगळी भिशी काढावी असं लातूरचा पोरगा म्हणतोय. वही मीच सांभाळावी अशी त्याची अपेक्षा. बघू.

घरी काय, असं कुणी तरी विचारेलच. आईला माहीत आहे. तिनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही, मीही खोदून काढलं नाही. ती फोनवर विचारते, ‘अरे, या खेपेला भिशीला कितीजणं?’ आणि त्या हिशोबानं शेंगदाण्याची चटणी पाठवते. काकूंचा वाटा बिनलसणाचा, वेगळी पुडी. समाजकार्यवाल्या मुलीनं विचारलं होतं, आईनं तुम्हाला स्वीकारलं का. मी तिला पुडीबद्दल सांगितलं. तिनं ‘अंशतः’ असं लिहिलं. मी खोडायला लावलं.

असो, मूळ मुद्दा वेगळाच. आयटीवाल्यांपैकी एक जण बेंगळुरूला चाललाय, त्यामुळे एक जागा रिकामी होतेय. काकूंची सून रांगेत पहिली आहे, पण एकाच घरातले दोघं नकोत असं काकूंचंच म्हणणं. इच्छुकांनी मेसेज करावा. तुम्ही कोण आहात, कुणावर प्रेम करता, हे सांगितलं नाही तरी चालेल. हप्ता पाच तारखेच्या आत लागतो. पैठणीचं वाटप झालेलं आहे, त्याबद्दल विचारू नये.