हँडलखालच्या तीन रिंगा

परवा आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर सायकलचा फोटो टाकला. ठाण्यातला येऊरचा चढ, नुकतंच उजाडलेलं, मागे ओलं जंगल. फोटो बरा आला होता. पहिलीच कमेंट: "हँडल एवढं वर? पुढे पिशवी अडकवून भाजी आणतोस का?" त्यावर धडाधड हसरे इमोजी.

तर हो, आणतो. जर्सीच्या मागच्या खिशात मेथीची एक जुडी व्यवस्थित मावते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोड बाईकचं हँडल ज्या तुकड्याला धरलेलं असतं तो स्टेम. स्टेमच्या खाली गोल रिंगा असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. रिंगा काढल्या की हँडल खाली येतं आणि सायकल दबा धरलेल्या मांजरीसारखी दिसते. आमच्यात याला 'स्लॅम करणं' म्हणतात. एकही रिंग नाही म्हणजे मुरलेला गडी. माझ्या सायकलला दहा-दहा मिलिमीटरच्या तीन आहेत, म्हणजे मी अजून बालवाडीत.

या तीन रिंगांसाठी मी दुसरा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, विकत घेतलाय, हे मात्र त्या फोटोत दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी कार्बनची सायकल घेतली. पहिल्या आठवड्यातच रिंगा काढून स्टेमच्या वर लावल्या. पण रिंगा आणि स्टेम फोर्कच्या ज्या नळीवर बसतात, तिचं वर उरलेलं टोक डोळ्यांत खुपायला लागलं. दुकानातल्या मेकॅनिककडे गेलो, म्हटलं नळी कापून टाक. तो बिचारा दोनदा म्हणाला, "सर, कापली की परत जोडता येत नाही. अजून थोडे दिवस चालवून बघा." मी कसला ऐकतोय. त्याने तीन सेंटिमीटरचा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. पुढचे दोन महिने काय फोटो आले!

मग एकदा घोडबंदरवरून परतताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणायला लागलं. वाटलं, ग्लोव्हज घट्ट असतील. पुढच्या रविवारीही तेच. मग सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना शर्टाचं बटण लागेना. बायको बटण लावून देताना काही बोलली नाही, फक्त सायकलकडे बघितलं.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं: तळहाताच्या कडेने करंगळीकडे जाणारी नस दबतेय. हँडल इतकं खाली, की कमरेतून जेवढं वाकता यायला हवं तेवढं मला येत नाही. मग धडाचा भार हातांवर. त्यात मी सीटचं नाक थोडं खाली झुकवलं होतं, त्यामुळे अख्खा देह पुढे घसरत होता आणि तळहात ब्रेकचं काम करत होते. हँडल वर घ्यायचं म्हटलं तर नळीच शिल्लक नाही. आधी वर उचललेल्या कोनाचा स्टेम लावून बघितला. रिंगांपेक्षा तोच जास्त कुरूप दिसायचा. शेवटी नवा फोर्क. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्याकडे त्याचं बिल आहे.

माझा राग कमेंटवर नाही. सायकल कुणी बसलेलं नसताना, भिंतीला टेकवून पास-नापास करायची आपली जी पद्धत आहे, तिच्यावर आहे. चप्पल शोकेसमध्ये बघून कुणी म्हणतं का, 'छान बसलीये'?

आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं टूर द फ्रान्सच्या गड्यांचं. ती पोरं वर्षाला २५-३० हजार किलोमीटर चालवतात, मागे मसाजवाला आणि फिजिओ असतो, आणि पाठ म्हणजे वेताची छडी. आपण आठवडाभर लोकलमध्ये उभे आणि ऑफिसात खुर्चीत मुडपलेले. रविवारी एकदम त्यांच्यासारखं वाकायला जातो. आणि ते तरी कुठे फोटोसाठी बसतात? एडी मर्क्स, पाच वेळा टूर जिंकलेला. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर त्याचा भयंकर अपघात झाला, कंबरेला कायमचं दुखणं लागलं. त्यानंतर तो शर्यत चालू असतानासुद्धा सीटची उंची बदलत राहायचा. त्यालाही एका मापात सुख नव्हतं, आणि आपण एका फोटोवरून दुसऱ्याचं माप ठरवतो.

शिवाय हे सौंदर्यही दर काही वर्षांनी पलटी खातं. मी सुरुवात केली तेव्हा २३ मिमी रुंदीचं टायर दगडासारखं फुगवलं तरच तुम्ही सायकलिस्ट. घोडबंदर रोडवर त्या टायरवरून जाताना दातांची मुळं हलायची. २८ लावणाऱ्याला 'ट्रॅक्टर' म्हणायचे. आता प्रो मंडळीच २८-३० वर आली, तर तेच जाडं टायर एकदम 'क्लीन' दिसायला लागलं. क्रँकचंही, म्हणजे पेडल ज्या दांडीला असतं तिचंही तेच. टूर जिंकलेला पोगाचार १६५ मिमी लांबीचे वापरतो कळल्यावर आमच्यातल्या दोघांनी लगेच बदलले. कल्पना वाईट नाही, आखूड क्रँकने गुडघा आणि कंबर कमी मुडपते. पण १७२.५ वरून १६५ वर आलात की पेडल तळाशी साडेसात मिलिमीटर वर येतं, म्हणजे सीटही साधारण तेवढी वर घ्यावी लागते. एकाने घेतली नाही. आता गुडघ्याच्या वाटीपाशी दुखतं आणि शिव्या क्रँकला.

सीटच्या उंचीसाठी टूर जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं एक गणित आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले ०.८८३. माझं ८० सेंटिमीटर, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६. तिथून सुरुवात करायची आणि शरीर काय म्हणतं ते ऐकायचं. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते. लहानपणी तासावर सायकल देणारे काका तर टेपही लावायचे नाहीत. सीट काखेत धर, बोटं क्रँकच्या मध्याला टेकतायत का बघ, झालं फिटिंग. त्याआधीची दोन वर्षं आपण दांड्याखालून पाय घालून चालवलेली असायची, तेव्हा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता कुणी म्हणेल, हा विरक्त झाला. अजिबात नाही. हँडलची टेप दोन्हीकडे सारखी गुंडाळलेली नसेल तर मला झोप येत नाही. टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी हवं म्हणजे हवं. त्याचा उपयोगही आहे: पंक्चर झालं की ट्यूबचं भोक टायरशी जुळवून काच नेमकी कुठे रुतलीये ते सापडतं. चेन स्वच्छ, केबल नीट, बाटल्या एकसारख्या. या सगळ्या नटण्यामुरडण्याने कुणाची नस दबत नाही. तेवढं करावं आणि मिरवावंही.

पण ग्रुपवर नवीन आलेला एखादा चाळिशीतला माणूस बिचकत फोटो टाकतो आणि आपण त्याच्या रिंगा मोजतो, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पाना घेऊन बसतो. मी बसलो होतो. विचारायचंच असेल तर विचारा, "दोन तासांनंतर हात कसे असतात?"

कापलेला तो तुकडा माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता, पण कार्बन इतका हलका की पंखा लावला की तोच आधी घरंगळतो.

आणि हो, फोटोत चेन पुढच्या छोट्या चक्रावर होती, ही कमेंट मात्र शंभर टक्के मान्य. ते शोभत नाही. रविवारी उपवनला मोठ्या चक्रावर घेऊन परत काढतो.