सी कोडमध्ये मेमरीची मालकी लिहून ठेवायची गरज नाही?

"ज्याने मॅलॉक केलं त्यानेच फ्री करावं. एवढं पाळलं की मालकीबद्दल कॉमेंट नकोत. फंक्शनच्या सिग्नेचरवरून कळतं, उरलंसुरलं वॅलग्राइंड पकडतं." हा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. (मॅलॉक म्हणजे मेमरी मागून घेणं, फ्री म्हणजे ती परत करणं, मालकी म्हणजे ती परत करायची जबाबदारी. सिग्नेचर म्हणजे फंक्शनचं नाव आणि ते काय घेतं, काय परत देतं. वॅलग्राइंड हे प्रोग्राम चालवून मेमरीच्या चुका शोधणारं साधन.) मला हा सल्ला घातक वाटतो.

नियमापासूनच सुरुवात करू. मजकुराची नक्कल करून देणारं स्ट्रडप मॅलॉक आतल्या आत करतं आणि फ्री करायचं काम आपल्यावर टाकतं. ओळ वाचणाऱ्या गेटलाइनला नल (रिकामा) पॉइंटर दिला तर बफर, म्हणजे मजकूर ठेवायची जागा, तेच घेतं. वाचन फसलं तरी तो आपणच मोकळा करायचा. रोजच्या वापरातली फंक्शनंच हा नियम पाळत नाहीत.

सिग्नेचरचं म्हणाल, तर स्ट्रडप आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत देणारं गेटएन्व्ह दोन्ही साधा कॅरॅक्टर पॉइंटरच परत देतात. पहिला फ्री केला नाही तर मेमरीची गळती, दुसरा केला तर घोटाळा. गेटएन्व्हच्या पॉइंटरला कॉन्स्ट ("बदलू नका" अशी खूण) ही नाही, तरी त्यात लिहायचं नाही. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही.

खरी कसोटी डेटा स्ट्रक्चरमध्ये लागते: वस्तू आत ठेवली, आता ती कोणाची? पायथनच्या सी एपीआयमध्ये (सी कोडमधून पायथन वापरायच्या फंक्शनांमध्ये) यादीत वस्तू ठेवणारं पायलिस्ट_सेटआयटम आपण दिलेला रेफरन्स, म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क, स्वतःच्या मालकीचा करून घेतं. डिक्शनरीत ठेवणारं पायडिक्ट_सेटआयटम तसं करत नाही. ते स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं, आपला आपणच सोडायचा. दोन्ही "सेटआयटम"च! नावावरून हे कोणाला ओळखता येईल? पायथनच्या दस्तऐवजात हा फरक स्पष्ट लिहिला आहे, म्हणूनच बाहेरच्या माणसाला पायथनसाठी सीमधलं एक्स्टेंशन धडपणे लिहिता येतं.

वॅलग्राइंड जरूर वापरा. पण ते चाललेल्या वाटेवरचीच चूक दाखवतं, आणि एरर आल्यानंतरची वाट चाचणीत क्वचितच चालते.

"कोड बदलतो आणि कॉमेंट शिळ्या होतात" हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर जीलिब या सी लायब्ररीवाल्यांचा उपाय मला फार आवडतो. तिथे फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये "ट्रान्सफर फुल" (मालकी घेणाऱ्याकडे जाते) किंवा "ट्रान्सफर नन" (जात नाही) लिहितात. ते एक स्कॅनर प्रोग्राम वाचतो आणि त्यावरून पायथनसारख्या भाषांची बाइंडिंग (त्या भाषेतून ही लायब्ररी वापरू देणारा जोडकोड) मेमरी सोडायची की नाही ते ठरवतात. टीप चुकली तर प्रोग्रामच गळतो किंवा कोसळतो.

स्ट्रक्टमधल्या प्रत्येक पॉइंटरपाशी एवढं तरी हवं: सोडायचा कोणी, कशाने, आणि तो कुठवर वैध. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीत क्वेरी चालवणाऱ्या एक्झेकने दिलेला एररचा मजकूर साध्या फ्रीने नाही, एसक्यूलाइट३_फ्रीने सोडायचा. निकालातला मजकूर देणाऱ्या कॉलम_टेक्स्टचा पॉइंटर तर सोडायचाच नाही आणि पुढच्या स्टेपनंतर (पुढची ओळ मागितल्यावर) वापरायचाही नाही. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं, तर कुठल्या सिग्नेचरवरून कळलं असतं?