पंख मोडला, तरी परवाना कसा मिळाला?

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक व्हिडिओ फिरतो आहे. खिडकीतून दिसणारा विमानाचा पंख वरखाली हलतोय आणि खाली मजकूर: "ए३८०चा पंख चाचणीतच मोडला होता, तरी कागद रंगवून परवाना मिळवला. पंख नेहमीच्या भाराच्या फक्त दीडपट सोसतो. आता तर पंख प्लास्टिकचे करतात. एक मोठा हेलकावा बसला की संपलं!" शेवटी 'जनहितार्थ पुढे पाठवा' आहेच.

पंख मोडला, हे खरं. फेब्रुवारी २००६, फ्रान्समधलं तुलूज. एअरबस कंपनीने ए३८० या आपल्या दुमजली प्रवासी विमानाचा एक सांगाडा चाचणीसाठीच बांधला होता. तो कधी उडणारच नव्हता. भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, पंखांची टोकं सात मीटरहून वर उचलली गेली आणि दोन इंजिनांच्या मधोमध पंख तुटला. नियम कमाल भाराच्या दीडपटीचा, तुटला १.४५ पटीला. म्हणजे गणित तीनएक टक्क्यांनी चुकलं होतं.

पण ते नेमकं कुठे चुकलं, हेही त्याच चाचणीत कळलं. पंखावर ठिकठिकाणी ताण मोजणारे गेज चिकटवलेले असतात. त्यांच्या नोंदींवरून आकडेमोड सुधारली, कमी पडलेल्या जागी मजबुती दिली (वजन वाढलं साधारण ३० किलो) आणि डिसेंबरमध्ये परवाना मिळाला. पूर्ण पंख पुन्हा मोडून पाहिला नाही, हेही खरं. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं, तर त्याच्या मुद्द्यात थोडा तरी दम आला असता.

'नेहमीच्या भाराच्या दीडपट' ही मात्र सरळ गफलत आहे. दीडपट कशाची, ते पाहा. विमान सरळ उडत असताना पंख जेवढा भार उचलतो, तो १ जी धरू. आयुष्यभरात वाट्याला येऊ शकेल असा कमाल भार प्रवासी विमानासाठी साधारण २.५ जी धरतात. त्याच्या दीडपट, म्हणजे ३.७५ जी, आणि एवढ्या भाराखाली सांगाड्याने किमान तीन सेकंद तग धरला पाहिजे. बोइंग ७७७चा पंख जानेवारी १९९५ मध्ये त्या कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर फुटला, तेव्हा इंजिनिअरांनी टाळ्या वाजवल्या.

प्लास्टिकबद्दल फार लिहायची गरज नाही. बोइंग ७८७चा पंख कार्बन फायबर (कार्बनचे बारीक धागे) आणि ते घट्ट धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या थरांचा असतो. त्याला प्लास्टिक म्हणा हवं तर. मार्च २०१० मध्ये त्याची टोकं सुमारे २५ फूट वर वाकवली, पंख तुटला नाही. त्याआधी २००९ मध्ये मात्र पंख आणि धड जुळतात तिथे थर सुटलेले आढळले होते, आणि पहिलं उड्डाण जूनवरून डिसेंबरवर गेलं. नुसते कागदच रंगवायचे असते, तर हे सहा महिने कोण घालवेल? आणि वाकण्याचं म्हणाल, तर कावडीचा बांबूही लवतो. न लवणारा असता, तर खांद्यावर प्रत्येक धक्का जसाच्या तसा बसला असता.

आता तो 'एक मोठा हेलकावा'. फेब्रुवारी १९८५ मध्ये चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ पॅसिफिकवर इंजिन बिघाडानंतर वैमानिकाच्या हातून सुटलं आणि ४१ हजार फुटांवरून साडेनऊ हजारांपर्यंत कोसळलं. भार ५ जीच्या वर गेला, शेपटीचे तुकडे उडाले, पंख दोन-तीन इंच कायमचे वर वाकले. विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, सगळे वाचले. उलटं उदाहरणही आहे: मार्च १९६६ मध्ये जपानमधल्या फुजी पर्वताजवळच्या वाऱ्यात एक बोइंग ७०७ हवेतच मोडलं, १२४ जण गेले. तिथेही मोडतोड शेपटीपासून सुरू झाली होती.

खरी काळजीची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. एकदाच जोर लावून पंखाची ताकद कळते, वर्षानुवर्षांचा थकवा कळत नाही. तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते. म्हणून थकव्याची चाचणी वेगळ्या सांगाड्यावर हजारो उड्डाणांइतके हेलकावे देऊन करतात. तरीही २०१२ च्या सुरुवातीला सेवेतल्या ए३८०च्या पंखांत, आतल्या फासळ्या पत्र्याला जोडणाऱ्या छोट्या ब्रॅकेटांना भेगा आढळल्या. तपासणीचे आदेश निघाले, ब्रॅकेट बदलावे लागले. २००६ मध्ये जिथे पंख तुटला होता, त्या जागेशी या भेगांचा संबंध नव्हता.