अहो, मधली पायरी तिची तिला लिहू द्या ना!

कोथरूडला संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित घेते. आणि रोज तेच! मूल पायऱ्या मांडायला लागलं की कुणीतरी मोठं माणूस मध्ये उत्तर टाकतंच.

परवा एकीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. वरचे वर, खालचे खाली, झाली बेरीज. मी खोडलं नाही. म्हटलं, अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी एक तृतीयांश खाल्लीस, मग एकूण अर्ध्याहून कमी कशी भरेल? ती थबकली. कागदाची पट्टी घेतली, घड्या घालून सहा सारखे भाग केले. अर्ध्याचे तीन... तृतीयांशाचे दोन... आणि तेवढ्यात न्यायला आलेले बाबा दारातूनच, "पाच षष्ठांश गं! छेद समान करायचे, सोप्पं तर आहे!"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

इतका संताप झाला माझा! त्या दोन मिनिटांसाठीच तर तासभर खपले होते. आता चाचणीत १/४ + १/६ आलं की पुन्हा २/१०, आणि मग मलाच विचारणार, "ताई, एवढं शिकवूनही चुकते कशी?"

वर म्हणे शिष्यवृत्तीला नुसते गोल रंगवायचे, पायऱ्या कोण बघतं? अहो, पण हेच चुकीचं उत्तर तिथे पर्याय म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं!

काल ती आली. वही उघडायच्या आधीच म्हणाली, "ताई, उत्तर सांगा ना."