फोटो हातात द्यायचा असतो

ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात तो कागदावर पडेपर्यंत काम अर्धंच झालेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. चाळिशी उलटल्यावर पुन्हा कॅमेरा हातात घेतला तेव्हापासून ते आणखी पक्कं होत चाललंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे हे वेड मामाने आणलं. त्याच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. १२० नावाच्या मापाचा फिल्मचा रोल, त्यात मोजून १२ फोटो. सेटिंग म्हणाल तर ऊन की ढग, एवढंच ठरवायचं. पण १२च फोटो असल्यामुळे मामा आधी सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचा, मागच्या दोरीवरचे कपडे काढायला लावायचा, आणि मगच खटका दाबायचा.

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या घरची मोरी रात्री डार्करूम व्हायची. लाल दिवा आणि ओळीने तीन ट्रे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, पाणी, आणि चित्र पक्कं करणारा हायपो. चिमट्याने कागद हलवत राहायचं काम माझं. कोऱ्या कागदावर आधी केस उमटायचे, मग भुवया, मग लुगड्याचे काठ. गाल-कपाळ अगदी सावकाश भरत यायचं. मी घाईने विचारायचे, "काढू का आता?" मामा म्हणायचा, "थांब, काळा नीट भरू दे." दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा बोटांना हायपोचा वास यायचा. प्रिंट वाळले की वाड्यात घरोघरी नेऊन द्यायचं कामही माझ्याकडेच होतं. "झाला का गं आमचा फोटो?" असं लोक जिन्यात अडवून विचारायचे.

पुढे दहावी, कॉलेज, नोकरी, संसार. कॅमेरा मागे पडला तो पडलाच.

आता सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, त्यावर पन्नास मिलिमीटरची लेन्स, आणि रविवारी सकाळी महात्मा फुले मंडई गाठते. १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरलेल्या या दगडी इमारतीत उजेड वरून, तिरपा येतो. गाळ्यावरच्या माणसाचा अर्धा चेहरा उजळतो, अर्धा अंधारात राहतो. कॅमेऱ्याला तो अंधार सहन होत नाही. समोर काळं जास्त दिसलं की तो सगळंच राखाडीकडे ओढतो आणि फोटो उगाच उजळ करतो. म्हणून मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणते, म्हणजे कॅमेऱ्यात निम्माच उजेड घेते. फोन तर एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवतो आणि सावल्या पुसून टाकतो. फोटो स्वच्छ येतो, पण त्यात मंडई उरत नाही.

तिथे लिंबं-मिरच्या विकणाऱ्या एक मावशी आहेत. परवानगी विचारली तर म्हणाल्या, "काढ की, पण मला दे." पुढच्या रविवारी पोस्टकार्ड साइजचा प्रिंट नेऊन दिला. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो कडेने धरला, शेजारच्या गाळ्यावर दाखवून आणला, आणि मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांचाबी काढशील का?" आता मंडईतल्या बऱ्याच जणांकडे माझे प्रिंट आहेत.

म्हणूनच वारीच्या वेळी मला त्रास होतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ कॅमेऱ्यांनी भरून जाते. सुरकुतलेला चेहरा, तुळशीवृंदावन, पायाच्या भेगा. फोटो प्रदर्शनात लागतात, त्यांना बक्षिसं मिळतात, आणि ज्या माउलीचा चेहरा आहे तिला त्याचा पत्ताही नसतो. हे मला मुळीच पटत नाही. मी वहीत नाव-पत्ता उतरवून घेते आणि प्रिंट पोस्टाने पाठवते. एका आजोबांच्या नातवाचा परभणीकडून फोन आला होता: आजोबांचा एकट्याचा असा फोटो घरात हा पहिलाच, आधार कार्डावरचा सोडला तर.

"व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना," असं सगळे सांगतात. तिथे फोटोचा दर्जा उतरतो ते एक, आणि दोन दिवसांत तो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातो ते दुसरं. माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये अडकलेत. आजी-आजोबांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र भिंतीवर आहे, चेहरे अजून स्पष्ट. साधा प्रिंट दोन कप चहाच्या पैशात होतो. लक्ष्मी रोडला एका खरेदीत आपण याच्या कितीतरी पट खर्च करतो.

मामाच्या निगेटिव्हजची पाकिटं मामीने माझ्याकडे दिली आहेत. १२० ची निगेटिव्ह चांगली मोठी असते, स्कॅन छान होतात. त्यात वाड्यातली जवळजवळ सगळी घरं आहेत, आणि काही चेहरे मला ओळखू येत नाहीत. तेव्हा वाड्यात राहिलेल्यांनी आणि आपल्या मामे-मावस भावंडांनी मला मेसेज करा. दिवाळीच्या आधी ज्याचे त्याला प्रिंट पोहोचवायचे आहेत.