मास्क हनुवटीवर आणि कप रिकामा

कोविडमुळे कॅनडातल्या ऑंटारिओच्या ज्युनियर आइस हॉकीचा २०२०-२१चा अख्खा हंगाम बुडाला, कॅनडाच्या ज्युनियर हॉकीची मोठी स्पर्धा मेमोरियल कप लागोपाठ दोन वर्षं झाली नाही. तरी २०२१मध्ये प्रेक्षक परत आले तेव्हा काहींना अक्कल आली असेल तर शपथ! तेव्हाचा नियम साधा होता: लशीचे दोन डोस, दुसऱ्याला १४ दिवस उलटलेले, सोबत नाव-जन्मतारखेचं ओळखपत्र. पण साहेब गेटवर पोचल्यावर लस-प्रमाणपत्राचा ईमेल शोधणार. तोवर थंडीने फोनची बॅटरी मान टाकायची आणि मागे रांग पार्किंगपर्यंत. अहो, प्रमाणपत्राच्या क्यूआर कोडचा कागद खिशात ठेवायचा ना! कागद चालायचा, फक्त कोड चुरगळू द्यायचा नाही, मग स्कॅन होत नाही.

आत तर आनंदच. खाता-पिताना मास्क काढायची सवलत होती, म्हणून एक कॉफी सामन्याच्या २० मिनिटांच्या पिरियडभर पुरवायची. कप कधीचाच रिकामा, आणि गोल झाला की बोंबलायचं उघड्या तोंडाने! मास्कमुळे चष्म्यावर वाफ यायची म्हणे. मग नाकावरची तार नीट दाबायची, चष्मा मास्कच्या वर ठेवायचा.

डिसेंबर २०२१मध्ये कोविडचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आल्यावर आधी निम्म्याच खुर्च्या आणि खाणंपिणं बंद, ५ जानेवारीपासून प्रेक्षकच बंद. तेव्हा ‘अन्याय, अन्याय’ करायला सगळ्यात पुढे कोण? हेच कॉफीवाले.